पाण्याची चतुर्थी

दादा, मला भीती वाटतेय. हे तुला वेगळं सांगायला नको, तू मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणत आलास आणि मी आहेच तशी. पण आधीच्या माझ्या भीत्या साध्या होत्या. पालीला घाबरायचे, लिफ्टमध्ये लाइट गेली की घाबरायचे, तुझ्या स्कूटरवर मागे बसले की प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायचे. आता मी निलेशला घाबरते. तुझ्या निलेशला. ज्याला मी न्हाऊमाखू घातलं, ज्याची शाळेची टाय मी बांधली, तो पोरगा दारात येऊन 'आत्या, जेवलीस का' विचारतो आणि मी ओट्याकडे तोंड फिरवते.

आज तुला जाऊन आठ दिवस झाले. भेटायला येणारे सगळे एकच बोलतात. भाग्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही, समुद्रावर फिरता फिरता गेला. मी मान हलवते आणि चहा ठेवायला उठते. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलंय आणि ते काही खोटं नाही. पण त्या अटॅकच्या आधी एक तास होता आणि त्या तासात काय झालं ते कालपर्यंत फक्त मला माहीत होतं. म्हणजे मला आणि करंजाच्या एका कोळणीला.

निलेश वर तुझ्या हॉलमध्ये मशीनशेजारी बसून राहतो. रोज एकदा तरी म्हणतो, "मीच घेऊन दिलं त्यांना. नसतं दिलं तर घरी बसून टीव्ही बघत असते." आणि मी, त्याची सख्खी आत्या, तो आल्यापासून कालपर्यंत हे ऐकून घेतलं. त्याला एकदाही म्हटलं नाही की बाळा, मशीनचा काही दोष नाही, दोष माझ्या बोटांचा आहे.

तर आता तुला सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे. मध्ये बोलू नकोस.

तू वेल्सला गेलास ते वहिनी गेल्यानंतरच्या वर्षी. निलेशने तिथून तिकीटच पाठवलं होतं. पाच महिने स्वान्सीला राहिलास. पहिला महिनाभर फोनवर नुसती रड होती, थंडी आहे, भाजीला चव नाही, कुणी बोलत नाही. मग एक दिवस फोन आला आणि तुझा आवाजच वेगळा. शेजारचा गॅरेथ नावाचा म्हातारा तुला समुद्रावर घेऊन गेला होता. त्याच्या हातात एक दांडा, दांड्याच्या टोकाला चकती, कानाला हेडफोन. वाळूवरून चकती फिरवत चालायचं, धातू असला की कानात वाजतं. तू पस्तीस वर्षं पनवेलच्या मार्केटात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, तुला पहिल्याच दिवशी गॅरेथच्या मशीनची खरखर खटकली. तू ते तिथंच वाळूत बसून पेनाच्या टोपणाने उघडलंस आणि नीट करून दिलंस. तेव्हापासून तुमची जोडी जमली ती जमलीच.

मग तू मला ती जहाजाची गोष्ट सांगितलीस. इतक्या वेळा सांगितलीस की मला पाठ झाली. तिथल्या एका लांबलचक वाळूत म्हणे जुन्या काळी चांदीच्या नाण्यांनी भरलेलं जहाज फुटलं. मोठं वादळ होऊन गेलं की वाळू सरकते आणि एखादं नाणं वर येतं. कुणी म्हणतात, ते पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्याचं जहाज होतं. "सुमे, तीच राजकन्या," तू फोनवर ओरडलास, "जिच्या हुंड्यात मुंबई दिली! मुंबई इकडे राहिली आणि चांदी तिकडे बुडाली!" मी म्हटलं, दादा, खरं कशावरून? तू म्हणालास, खरं असायलाच हवं असं कुठंय, गोष्ट चांगली आहे ना.

निघताना निलेशने तुला तसलंच एक मशीन घेऊन दिलं. जुनं, पण चांगलं. सामानात लोणच्याच्या बरण्या नेल्या होत्यास त्या जागी ते घेऊन आलास. आणि आल्या आल्या दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातून बुंदीचा झारा उचललास. वाळू गाळायला तिथं म्हणे भोकाभोकांचा खास डबा मिळतो, तू झाऱ्याला झाडूचा दांडा बांधून काम भागवलंस. दिवाळीला मी झारा मागितला तर म्हणालास, त्याला आता बुंदी पाडायची सवय राहिली नाही. तीन वर्षं झाली. झारा तुझ्याच दाराआड राहिला.

खरं तर मला यायचं नव्हतंच. त्या उन्हात, त्या मासळीच्या वासात, म्हातारपणी आपण दोघांनी वाळू उकरत फिरायचं आणि लोकांनी बघायचं, मला लाज वाटायची. पण तू एकटा जाशील याची मला जास्त भीती वाटली. म्हणून आले. सुकापूरहून तुझ्या स्कूटरवर, मशीन चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर आडवं. गव्हाणवरून जाताना तू दर खेपेला स्कूटर हळू करायचास आणि डावीकडे मान करून म्हणायचास, "इथं बाबांचं मिठागर." तिथं आता भराव आहे, टॉवर आहेत, मिठाचा खडासुद्धा दिसायचा नाही. तरी तू न चुकता म्हणायचास आणि मीही न चुकता हो म्हणायचे.

करंजाचं बंदर मागे टाकून पुढे गेलं की ती आपली जागा. मोठी ओहोटी असली की पाणी लांब जातं आणि वाळूचा एक लांब उंचवटा उघडा पडतो. उंचवटा आणि किनारा यांच्या मधून खाडीचा एक फाटा जातो. ओहोटीला त्यात घोटाभर पाणी, चप्पल हातात घेऊन ओलांडता येतो. पण भरती लागली की समोरून पाणी यायच्या आधी हा मागचा फाटा भरतो. उंचवट्यावरच्या माणसाला समोर कोरडी वाळू दिसत असते आणि पाठीमागे परतीची वाट बंद झालेली असते. हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू वेळेचा एवढा पक्का होतास.

बाबा सांगायचे ना, करंजाच्या भायेर फिरंग्याचं तारू बुडालंय, पेट्याच्या पेट्या होत्या त्यात. तुझ्या डोक्यात तेच बसलं होतं. तिकडे राजकन्येची चांदी, इकडे फिरंग्याचं तारू. तीन वर्षांत तुला काय काय सापडलं ते मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. गळ, जाळ्याची शिसं, बाटल्यांची बुचं, एक जोडवं, एक काळा पडलेला ढब्बू पैसा. खाऱ्या ओल्या वाळूत मशीन उगाचच किणकिणायचं आणि तू दर वेळी धावायचास. मी म्हणायचे, मिठागराच्या पोराला मीठ फसवतंय. तुला राग यायचा. खजिना सापडला तर करणार काय, यावर आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे सरकारात जमा करावा लागेल, पोलीस येतील, पेपरात नाव येईल. तू म्हणायचास, येऊ दे की, फोटो चांगला काढून घेऊ. मी म्हणायचे, नको रे बाबा. आणि थर्मासमधला चहा ओतून तुला द्यायचे.

दादा, हे कधी बोलले नाही. ह्यांच्या मागे मी त्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलत बसले होते. बालवाडीची नोकरी संपली, मुलं नाहीत, सकाळ संपता संपायची नाही. तू ते मशीन आणलंस आणि महिन्यातून दोन-तीन सकाळी तरी मला कुठंतरी वेळेवर पोचायचं असायचं. मी कुरकुर करत यायचे, पण आदल्या दिवशीच डबा भरून ठेवायचे. तुला ते कळत असणार. तरी तू दर वेळी विनवण्या केल्यास, म्हणजे मला नाही म्हणण्याची मजा मिळावी.

आता बोटांचं सांगते.

वेल्सला प्रत्येक समुद्रावर म्हणे भरतीच्या वेळांचा बोर्ड असतो. तू मला म्हणालास, "माझा बोर्ड तू." मोबाइलवर सगळं मिळतं हे तुला माहीत होतं, निलेशने ते ॲप घालूनही दिलं होतं. पण तू म्हणालास, ते मुंबई बंदराचं असतं, आपल्या बाबांची सुमी बरी. कारण बाबांनी ते तुला शिकवायला घेतलं तेव्हा तू रेडिओ उघडून बसला होतास, म्हणून मला शिकवलं. मिठागरात पाणी घ्यायचं म्हणजे भरती कधी ते कळायला हवं. तिथी बोटाच्या पेरांवर मोजायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. बस, एवढंच. मी बालवाडीत तीस वर्षं पोरांना आकडे शिकवले, पण मला आवडलेलं गणित हे एकच.

आणि बाबांनी एक गोष्ट बजावली होती. तेव्हा मी नुकतीच आईबरोबर संकष्टी धरायला लागले होते. बाबा म्हणाले, "उपासाची चतुर्थी येगळी न् पान्याची येगळी. उपास चांद उगवताना बघतान, पान्याला सकालची तिथी धरायची. आदल्या दिसाच्या उपासावरून मोजू नको, पोरी." मी हो म्हटलं होतं. तीस-चाळीस वर्षं मी ते पाळलंही होतं, कारण मी नेहमी कॅलेंडर बघून मग मोजायचे.

त्या दिवशी मी कॅलेंडर बघितलं नाही.

आदल्या दिवशी संकष्टी होती. मी उकडीचे मोदक केले होते, चंद्र दिसल्यावर उपास सोडला, तुला वर नेऊन दिले. तू तीन खाल्लेस आणि म्हणालास, उद्या जायचं का, पावसाळा संपल्यावरची पहिलीच ओहोटी, वाळू हललेली असणार. आणि वेळ विचारलीस. माझ्या हाताला तांदळाच्या पिठाचा वास होता अजून. आज संकष्टी म्हणजे चतुर्थी, तर उद्या पंचमी, मी तिथल्या तिथं मोजलं. पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाला पूर्ण ओहोटी. मी म्हटलं, साडेदहापर्यंत बिनधास्त थांब, त्याच्या आत फाटा ओलांडून ये. मी 'बिनधास्त' म्हटलं, दादा. मी, जी आयुष्यात हा शब्द वापरत नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चतुर्थीच होती. चतुर्थी आदल्या संध्याकाळी लागली, म्हणून चंद्रोदयाची संकष्टी आदल्या दिवशी आली, पण सकाळची तिथी अजून चतुर्थीचीच. चाराची पाऊणपट तीन. भरती तीनला, ओहोटी नवाला. मी तुला पाऊण तास जास्त दिला होता.

नऊच्या आधी आपण पोचलो. फाट्याच्या कडेला तू नेहमीसारखी ती बांबूची काठी रोवलीस, तिला माझ्या जुन्या साडीची लाल चिंधी. पाणी चिंधीला लागलं की मी हाक मारायची, असा आपला नियम. उरलेल्या मोदकांतला एक खाल्लास, हेडफोन चढवलास आणि झारा खांद्यावर टाकून चालायला लागलास. मी दगडावर बसले. शेजारी एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. हौशाबाय तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

दहा वाजून गेले असतील, मी सहज बघितलं तर पाणी चिंधीजवळ होतं. मला वाटलं, काठी खचली. ओहोटी आत्ता तर संपली, एवढ्यात कुठलं पाणी. मी पाण्याकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे बघितलं, पुन्हा मोजलं, आणि दादा, मी बोटांवर विश्वास ठेवला. समोर डोळ्यांना पाणी दिसत होतं आणि मी बसून राहिले. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, दहाही असतील. चिंधी भिजली, दिसेनाशी झाली, तेव्हा मी उठले.

मी हाका मारल्या. तुझ्या कानाला ते हेडफोन. मी पदर सोडून हलवला. तू बघितलंस, हात वर केलास, आणि मग मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलंस. अजून वेळ आहे. साडेदहाला दहा कमी होते. माझ्या शब्दाप्रमाणे तुझ्याकडे खरंच दहा मिनिटं होती. जन्मभर तू माझं एक ऐकलं नाहीस. मीठ कमी खा, नाही. गोळ्या वेळेवर घे, नाही. हेल्मेट घाल, नाही. तेवढं एक ऐकलंस.

मग तू मागे वळून फाटा बघितलास. त्याच क्षणी तुझी चाल बदलली. ते मला रोज दिसतं. बाथरूममध्ये बादली भरायला लावली की दिसतं, म्हणून मी आता नळ बारीक सोडते आणि तिथंच उभी राहते. तू पळायला लागलास. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ओल्या वाळूत. पाण्यात शिरलास तर कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मशीन आणि झारा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेले. मी ओरडत होते, टाक ते मशीन, टाक. मध्ये चिखलात पाय रुतला, तू एकदा बसलास पाण्यात, नुसतं मशीन वर दिसलं. हौशाबाय बोंबील टाकून माझ्या आधी पाण्यात गेली. तिने तुझा दंड धरला आणि ओढत बाहेर आणलं. मी काठावर उभी होते. मी पाण्यात पाय घातला नाही. हेही लिहून ठेवते, कारण तू विचारलं असतंस.

तू दगडावर बसलास. धाप थांबत नव्हती, पण हसत होतास. मुठीत काहीतरी होतं ते माझ्या हातात दिलंस. गोल, काळं, जड. म्हणालास, "सुमे, हे वाजलं बघ. असं कधीच वाजलं नव्हतं." आणि मग म्हणालास, "पाणी लवकर आलं का गं? की मीच उशीर केला?"

मी घाबरले होते. आणि मी घाबरले की मला दुसरं काही येत नाही, मी चिडते. मी तुला ओरडले. मी म्हटलं, तुला सांगितलं होतं वेळेवर ये म्हणून, तुझ्या त्या डबड्यासाठी जीव जायचा होता, तुला कधी अक्कल येणार.

आणि तू म्हणालास, "बरं बाई. चुकलो."

अडुसष्ट वर्षांत तू कुणाला चुकलो म्हणालेलं मी ऐकलं नाही. वहिनीला नाही, बाबांना नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. चहा दिला, तू कप घेतलास. एक घोट घेतलास. कप खाली ठेवताना तो कलंडला आणि तूही कलंडलास.

हौशाबायच्या मुलाचा टेम्पो होता, त्यात घातलं. ती मागे तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मी तुझे तळपाय चोळत होते. वाटेत तीच बोलली. मला दोष द्यायला नाही, आपली सहज बोलली. "पान्याचा टायम कोनी सांगितला यांना?" मी म्हटलं, मीच, आज पंचमी ना. ती म्हणाली, "नाय बाय, आज चवथ हाय. पाचवी उद्या." मी म्हटलं, अहो, काल संकष्टी होती, मी उपास केला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि तुझ्या तोंडावरचं पाणी पदराने पुसलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तू गेला होतास. मला वाटतं, तिथंच कुठंतरी, तिने ते सांगितलं त्याच्या आसपास. तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. रोज मी दोन्ही धरून बघते. ऐकलं असलंस तर कसं, नसलंस तर कसं. दोन्हीने मला सारखंच भ्या वाटतं.

घरी आल्यावर मी कॅलेंडर बघितलं. भिंतीवर, गॅसच्या वर, आठ पावलांवर. तिथं स्वच्छ छापलंय.

मुठीतली ती वस्तू मी चिंच लावून घासली. तिसऱ्या दिवशी, निलेश यायच्या आधी. थांबत थांबत घासली, कारण चांदी निघाली तर काय आणि नाही निघाली तर काय. स्टोव्हच्या टाकीचं पितळी झाकण आहे, दादा. आपल्या आईच्या स्टोव्हला होतं तसंच. मला हसू आलं आणि मग बराच वेळ श्वासच घेता येईना. डब्यात ठेवलंय, ढब्बू पैशाशेजारी.

मग निलेश आला. तुला अग्नी दिला. आणि हौशाबायच्या मुलाने स्कूटर-झाऱ्यासकट घरी पोचवलेलं ते मशीन रोज समोर घेऊन बसायला लागला. मला वाटलं होतं की बोलून टाकावं, पण मी हिशोबीपणे गप्प राहिले. तेरावं झालं की तो परत जाणार. मला या जगात आता तेवढं एक माणूस आहे. त्याला कळलं तर तो फोन करणार नाही, दर रविवारी 'आत्या, काय केलंस आज' विचारणार नाही. मी म्हातारी एकटी मरेन याची मला भीती वाटली. त्यापायी मी त्या पोराला स्वतःला दोष देऊ दिला.

काल दुपारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, उद्या अस्थी सोडायच्या, करंजालाच, बाबांच्या जागेवर, भरलेल्या पाण्यात. आणि मग अगदी प्रेमाने म्हणाला, "आत्या, बाबा फोनवर सांगायचे, तू बोटांवर भरती काढतेस. उद्या किती वाजता?"

माझा उजवा अंगठा आपोआप करंगळीवर गेला. काल एकादशी होती. एकादशी, म्हणजे उद्या द्वादशी. तीच चाल. तोच अंगठा. मी हात पदराखाली घेतला.

मी म्हटलं, "मी मोजणार नाही. मी चुकते. मी चुकले म्हणून तुझे बाबा गेले."

आणि सगळं सांगितलं. संकष्टी, मोदक, बिनधास्त, चिंधी, मी पाण्यात उतरले नाही ते, मी ओरडले ते, तू चुकलो म्हणालास ते. काहीही कमी केलं नाही. तो दाराची चौकट धरून ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा चुकलो म्हणाले?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मला आत्ता काही बोलता येणार नाही, आत्या." आणि दार ओढून घेऊन वर गेला, तुझ्या घरी.

मी जागेवरून हलले नाही. वर तो इकडून तिकडे चालत होता, ते ऐकू येत होतं. एकदा काहीतरी पडलं. मला वाटलं मशीन. तासभर झाला असेल, जास्तच. जिन्यात चपला वाजल्या तेव्हा मला खरंच उठून कडी लावावीशी वाटली. इतकी मी घाबरले होते, आपल्याच पोराला.

डोळे सुजलेले होते त्याचे. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला, गॅसवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्या पुढ्यात घेऊन बसला. मला माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही. म्हणाला, "तू बोटांवर मोज. मी इथं वाचतो. दोन्ही जुळलं तरच जायचं."

मी पहिल्या पेरापासून सुरुवात केली. प्रत्येक तिथीला तो थांबायचा, छापलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवायचा, मग हं म्हणायचा. द्वादशीला आम्ही दोघं पोचलो. बाराची पाऊणपट मी सांगायच्या आधी त्यानेच केली, तू शिकवली असणार फोनवर. मग मोबाइलवरही बघितलं. जुळलं.

आत्ता सात वाजलेत. तो खाली स्कूटर सुरू करतोय, तुझी, ती त्याच्याकडून सुरू होत नाहीये. मशीन घरीच ठेवलंय. झारा मी धुऊन माझ्या कपाटात ठेवलाय, आता मागू नकोस. दादा, तू चुकला नव्हतास. भरती नवाला आहे. आम्ही पाऊण तास आधी जाऊन उभे राहतोय.